ओ नावाचे गाव

नॉर्वेजियन वर्णमालेतले शेवटचे अक्षर म्हणजे डोक्यावर लहानसे वर्तुळ घेतलेला रोमन 'ए', आणि त्याचा उच्चार आपल्या 'ओ'च्या अगदी जवळ जातो. या एका अक्षराचेच नाव असलेले एक गाव लोफोटेन द्वीपसमूहात, मोस्केनेसोया नावाच्या बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. जुन्या नॉर्स भाषेत या शब्दाचा अर्थ ओढा असा होता. मी तिकडे निघाले आहे हे अर्नाळ्याच्या मामीला फोनवर सांगितले तेव्हा तिने गावाचे नाव विचारले, मी "ओ" म्हटले, आणि ती म्हणाली, "अगं, हाक नाही मारली मी, नाव विचारतेय." पुढची दोन मिनिटे आम्ही दोघी नुसत्या हसत होतो. हाकेला दिलेला प्रतिसाद हेच ज्याचे नाव आहे असे गाव पाहायला जायला मला तेवढे कारण पुरेसे होते, पण खरे कारण वेगळे होते. ओस्लोत नोकरीनिमित्त राहायला येऊन तीन वर्षे झाली होती आणि एका दुकानाच्या भिंतीवर मी लाकडी मांडवांवर टांगलेल्या माशांचे एक जुने छायाचित्र पाहिले होते. ते छायाचित्र अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचे नाही हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

मुख्य भूमीवरच्या बोदोहून मोस्केनेसला जाणारी बोट साधारण तीन-साडेतीन तास घेते. मे महिन्याचा पहिला आठवडा होता, उघड्या समुद्रात बोट चांगलीच हलत होती, आणि समोर लोफोटेनचे डोंगर सलग भिंतीसारखे उभे राहिले तेव्हा मी कागदी पिशवी हातात धरून बसले होते. त्यामुळे त्या प्रसिद्ध दृश्याबद्दल मला फारसे सांगण्यासारखे नाही. मोस्केनेसच्या धक्क्यापासून ओ पाचेक किलोमीटरवर आहे. पोटाला जमिनीची सवय व्हावी म्हणून मी चालत निघाले. वाटेत सोर्वोगेन लागते. तिथे १८६१ मध्ये, म्हणजे नॉर्वेच्या कितीतरी मोठ्या गावांच्या आधी, तारयंत्र आले, कारण मासा कोणत्या खाडीत शिरला आहे ही बातमी होड्यांपर्यंत आणि व्यापाऱ्यांपर्यंत त्याच दिवशी पोहोचणे हा पैशाचा प्रश्न होता. १९०६ मध्ये तिथूनच दक्षिणेकडच्या रोस्ट बेटाशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले. चार घरांच्या वस्तीत इतके आधुनिक यंत्र कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर या बेटांवर नेहमी एकच असते: कॉड.

ओ दिसण्याच्या आधी त्याचा वास आला. मी रस्त्यात थांबले. कुजल्याचा वास नव्हता तो. सुकत आलेल्या मासळीचा, किंचित गोडसर, नाकात चिकटून राहणारा वास होता, आणि त्यात खाऱ्या वाऱ्याची आणि शेवाळाची भर पडलेली होती. आमच्याकडच्या सुक्या बोंबलाच्या वासाइतका तो तिखट नव्हता, पण घराणे एकच होते. वळण ओलांडले आणि पुढे खडकांवर उभारलेले ते मांडव दिसले. स्थानिक भाषेत त्यांना 'येल' म्हणतात. गोल लाकडी वासे एकमेकांना टेकवून उतरत्या छपरासारखी चौकट करायची, तिच्यावर आडव्या काठ्या टाकायच्या, आणि प्रत्येक काठीवर डोके कापलेल्या, पोट साफ केलेल्या कॉडच्या जोड्या शेपट्यांना सुतळी बांधून ओळीने टांगायच्या. मांडवावर पक्ष्यांसाठी जाळे अंथरलेले होते. वारा आला की हजारो कडक होत चाललेले मासे एकमेकांवर हलके आपटत आणि वाळलेल्या शेंगांच्या झाडाखाली उभे राहिल्यासारखा आवाज येई.

माझे आजोळ अर्नाळ्याचे. तिथे बोंबील वलांडीवर सुकतो. बांबू रोवून त्यांवर आडवे बांबू आणि दोऱ्या बांधतात, आणि बोंबलाची जोडी करताना दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवतात. सुतळी लागत नाही, गाठ लागत नाही. बोंबलाचे स्वतःचे वाकडे दातच ती जोडी धरून ठेवतात. सहा-सात वर्षांची असताना आजीने मला ते शिकवले होते आणि बोटांवर ओरखडे आल्यावर मी ते सोडून दिले होते, ही गोष्ट माझ्या आईने पुढे अनेकदा अभिमानाने सांगितली. तिची मुलगी मासळीत बोटे घालणारी राहिली नाही, याचा तो अभिमान होता.

दोन्हीकडे मीठ लावत नाहीत, हे मला आधी माहीत नव्हते. जगात बहुतेक ठिकाणी मासा टिकवायचा म्हणजे मीठ आलेच, पण लोफोटेनचा 'तोर्रफिस्क' आणि आमचा बोंबील हे दोघेही नुसत्या हवेवर सुकतात. फरक हवेचा आहे. बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत त्याची काडी होते. इथला कॉड तीन महिने लटकतो. बारेन्ट्स समुद्रातून अंडी घालायला शेकडो किलोमीटर पोहत तो जानेवारीपासून या बेटांच्या आतल्या बाजूच्या वेस्टफ्योर्ड या समुद्रात येतो, एप्रिलपर्यंत राहतो, आणि या भटक्या कॉडला 'स्क्रै' असे वेगळे नाव आहे. तो पकडला जातो नेमका त्या दिवसांत, जेव्हा इथले तापमान शून्याच्या थोडे वरखाली असते. इतक्या उत्तरेला खरे तर हाडे गोठवणारी थंडी हवी, पण अटलांटिकमधून वर येणारा उष्ण प्रवाह समुद्र गोठू देत नाही. कडाक्याचा गारठा पडला तर माशाच्या आतले पाणी गोठून मांसाचे तंतू फुटतात आणि मासा भुसभुशीत होतो. हवा उबदार झाली तर माश्या बसतात. या दोहोंच्या मधली जी चिंचोळी पट्टी आहे, त्या पट्टीवर ही बेटे हजारभर वर्षे जगली आहेत. पाच किलो मासा टांगला तर एक किलो उतरतो. बाकीचे सगळे वारा नेतो.

त्या मांडवांखाली एक सत्तरीचे गृहस्थ वाकून एकेक मासा चाचपत होते. नॉर्वेजियन बोलण्यात आता आदरार्थी 'आपण' किंवा 'तुम्ही' जवळजवळ उरलेले नाही, लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणायचे असते, आणि तीन वर्षे झाली तरी वडीलधाऱ्या माणसाला 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळते. मी अडखळतच विचारले की हात लावला तर चालेल का. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मासा खाली घेतला, माझ्या हातात दिला आणि पाठीच्या कण्याशी, मांस सर्वांत जाड असते तिथे अंगठा दाबायला सांगितले. तिथे तो अजून किंचित दबत होता. "अजून तीन आठवडे," ते म्हणाले. "पाऊस फार नाही झाला तर."

मग मी फोन काढला आणि मामीने डिसेंबरात पाठवलेले वलांडीचे छायाचित्र त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ नेला, आणि पहिला प्रश्न विचारला तो माझ्या अपेक्षेतला नव्हता. मासा कोणता, देश कोणता हे त्यांनी विचारलेच नाही. "गाठ कुठली मारता?" असे त्यांनी विचारले. गाठ नाही, एकाचे दात दुसऱ्याच्या जबड्यात, असे मी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून दाखवले तेव्हा ते इतक्या मोठ्याने हसले की वरच्या भिंतीवरचे पक्षी उडाले. नंतर गंभीर होऊन त्यांनी हिशेब मांडला: दर हंगामात सुतळीचा खर्च किती वाचत असेल. मीठ लावता का, हे विचारले. नाही म्हटल्यावर मान डोलावली, एखादा उमेदवार पहिल्या परीक्षेत उतरावा तशी.

त्यांचा पेशा माशांची प्रत ठरवण्याचा. हे काम करणाऱ्याला 'व्राकर' म्हणतात. सुकलेला मासा उन्हाळ्यात माळ्यावर आणखी मुरतो, आणि मग हा माणूस एकेक मासा हातात घेऊन, पोटात डोकावून, लांबी-जाडी पाहून, हुंगून त्याला वीसेक प्रतींपैकी एकीत टाकतो. त्या प्रतींची काही नावे इटालियन वळणाची आहेत. सर्वांत वरच्या, लांब आणि सडपातळ माशाला 'रान्यो' म्हणतात. मी म्हटले, आमच्या आजीकडे दोनच प्रती होत्या: विकायचा आणि घरी खायचा, आणि काडी वाकवून, मोडण्याचा आवाज ऐकून ती ते ठरवायची. "तेही तेच काम," ते म्हणाले.

वासाबद्दल मी त्यांना विचारले. नॉर्वेच्या किनाऱ्यावर एक जुनी म्हण आहे, ती त्यांनी सांगितली: हा पैशाचा वास आहे. पर्यटकांना ते असेच सांगतात, पर्यटक हसतात आणि त्यांना तो वास मग आवडायला लागतो. मला मात्र त्या क्षणी मुंबईतली आमची इमारत आठवली. आई दर मे महिन्यात आगोटची खरेदी करायची: सुके बोंबील, जवळा, सोडे, पावसाळ्याचे चार महिने पुरतील इतके. एका वर्षी तिने बोंबील गच्चीवर उन्हात घातले, आणि संध्याकाळी इमारतीच्या फलकावर नाव न घेता सूचना लागली की काही सदस्यांच्या घरातून येणाऱ्या दुर्गंधीमुळे इतरांना त्रास होत आहे. नाव घेतले नव्हते, पण मजल्यावरच्या प्रत्येकाने आमच्या दाराकडे पाहायचे तेवढे पाहिले. आईने तेव्हापासून बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळून डब्यात, डबा कपाटात, आणि कपाटाला कुलूप अशी व्यवस्था केली. आणि भाजायचे ते खिडक्या लावून, पंखा बंद करून, चोरी केल्यासारखे. त्याच जातीचा वास इथे सरकारी संरक्षणात होता. 'लोफोटेनचा तोर्रफिस्क' या नावाला युरोपीय संघाने २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन दिलेले आहे आणि गावात त्याचे स्वतंत्र संग्रहालय आहे. आईला हे सांगायचे राहून गेले.

मात्र हे गाव पहिल्यापासून असे आब राखून होते, असे समजण्याचे कारण नाही. मी राहिले ती खोली म्हणजे 'रोर्बू', पाण्यात खांब रोवून उभी केलेली लाल लाकडी खोपटी. वल्हवत येणाऱ्यांचे बिऱ्हाड, असा या शब्दाचा अर्थ. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला ओयस्टाइन राजाने लोफोटेनमध्ये हंगामी कोळ्यांसाठी अशी बिऱ्हाडे बांधवली असे सांगतात. आज तिथे गरम पाणी, जाड दुलई आणि कॉफीचे यंत्र आहे, आणि एका रात्रीचे भाडे मी ओस्लोतल्या पगारावर असूनही दोनदा वाचले. पण संग्रहालयात तशीच एक खोपटी जुन्या रूपात ठेवलेली आहे: अर्धी जागा जाळी आणि गळाच्या दोरांना, उरलेल्या अर्ध्या जागेत एक चूल, आणि भिंतीला लागून फळ्यांचे बाक, ज्यांवर दोन-दोन माणसे एकाच अंथरुणात निजत. कपडे ओले, चूल पेटलेली, खिडकी बंद. शेजारी प्रत्येकाची लाकडी पेटी, जिच्यात घरच्या बाईने तीन महिन्यांची भाकर, लोणी आणि सुके मांस भरून दिलेले असे. १८९० च्या दशकात एकेका हंगामात तीस हजारांहून जास्त माणसे अशा प्रकारे लोफोटेनला येत, उघड्या शिडाच्या होड्यांतून, हिवाळ्यात. उन्हाळ्यात हीच माणसे आपापल्या गावी जाऊन गवत कापत आणि गुरे राखत.

या खोपट्या, धक्का, दुकान, येल बांधायची जागा हे सगळे एका मालकाचे असे. तो 'व्हेरआयर', म्हणजे गावाचा धनी. १८१६ च्या कायद्याने किनाऱ्यासमोरच्या समुद्रावरही त्याचा शब्द चालू लागला. मासेमारी सर्वांना खुली व्हायला १८५७ चा कायदा यावा लागला. पण समुद्र मोकळा झाला म्हणून माणूस मोकळा झाला असे नाही. कोळ्याला बिऱ्हाड तो देणार, पीठ, कॉफी, दोर उधारीवर तोच देणार, आणि मासाही तो ठरवेल त्या दराने त्यालाच द्यायचा. आमच्याकडे व्यापाऱ्याची उचल घेतलेल्या नाखव्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९३८ मध्ये कच्च्या मासळीच्या विक्रीचा कायदा झाला आणि पहिल्या विक्रीचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार मच्छीमारांच्या स्वतःच्या संघटनेकडे आला. पोस्टकार्डांवरच्या त्या लाल खोपटीपेक्षा मला हा कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो, पण त्याचे पोस्टकार्ड निघत नाही. लाल रंगाचेही असेच आहे: लोहयुक्त लाल माती माशाच्या यकृताच्या तेलात कालवली की स्वस्तात रंग होई, म्हणून लाल. पांढरा रंग महाग, म्हणून तो ज्याला परवडे त्याच्या घराला.

यकृताचे ते तेल मी संग्रहालयातल्या जुन्या तेलघराशेजारी चमचाभर चाखले. लहानपणी आमच्याकडे स्कॉट्स इमल्शनच्या बाटलीवर पाठीवर स्वतःएवढा मासा घेतलेला एक माणूस असे, आणि तो मला नेहमी शिक्षा भोगणारा वाटे. आता कळले की तो फक्त कामावरून घरी चालला होता.

गावातली १८४४ ची बेकरी बंद होती. पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता. याचे मला अजूनही वाईट वाटते.

संध्याकाळी त्या गृहस्थांनी सुकलेल्या माशाचा एक तुकडा लाकडी ओंडक्यावर ठेवून हातोडीने कुटला आणि तंतू सुटल्यावर मला खायला दिला. १४३२ च्या जानेवारीत व्हेनिसचा पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्यापारी जहाज फुटून रोस्टच्या बाजूला लागला, तेव्हा अडुसष्ट माणसांतली अकरा उरली होती. बेटावरच्या लोकांनी त्यांना महिनोनमहिने सांभाळले, आणि क्वेरिनीने लिहून ठेवले की हे लोक मासा मिठाशिवाय वाऱ्यावर वाळवतात, तो लाकडासारखा होतो, आणि मग कुटून लोण्याबरोबर खातात. परत जाताना तो हे मासे घेऊन गेला. आजही या बेटांवरच्या उत्तम प्रतीचा सर्वांत मोठा वाटा इटलीला जातो. मग डोकी कुठे जातात, असे मी विचारले, कारण अर्नाळ्यात डोके टाकून देणे हा गुन्हा आहे. ती वेगळी दोरीत ओवून सुकवतात आणि नायजेरियाला पाठवतात. १९६७ ते १९७० च्या बियाफ्राच्या युद्धात मदतीचे अन्न म्हणून हा सुका मासा तिथे मोठ्या प्रमाणावर गेला आणि त्याची तिथली ओढ आणखी पक्की झाली. इग्बो भाषेत त्याला 'ओक्पोरोको' म्हणतात. भांड्यात खडखडणारा, असा काहीसा त्याचा अर्थ. जिभा मात्र इथेच राहतात. त्या कापण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या गावातली मुले करतात आणि पैसे त्यांचे स्वतःचे असतात. या गृहस्थांनी आपली पहिली सायकल जिभांवर घेतली होती. माझ्या बोटांवरचे ओरखडे आणि आईचा अभिमान त्यांना कसा समजावावा हे मला सुचले नाही, म्हणून मी आणखी एक तुकडा मागितला.

रात्री साडेदहाच्या सुमारास सूर्य मावळला तरी काळोख झाला नाही. निळसर उजेडात ते मांडव रात्रभर दिसत राहिले. पहाटे साडेतीनला पक्ष्यांनी जागे केले. 'क्रिक्ये' नावाचे लहान समुद्रपक्षी इथे घरांच्या भिंतींवर, खिडक्यांच्या चौकटींवर घरटी करतात आणि दिवसभर स्वतःचेच नाव ओरडत असतात. झोप येईना म्हणून कोट चढवून मी येलपाशी गेले आणि मामीला व्हिडिओ कॉल लावला. अर्नाळ्यात साडेसात वाजले होते. ती किनाऱ्यावरच होती, डोक्याला पदर गुंडाळून वलांडीवरून सुकलेले बोंबील उतरवत होती. पहिली जूनची बंदी जवळ आली की हंगामातला शेवटचा माल घाईघाईने उतरवावा लागतो.

मी फोन मांडवांकडे फिरवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जवळ ने." मी जवळ नेला. "शेपटीला बांधलेत," ती म्हणाली. "मुंड्या कुठं गेल्या?" नायजेरियाला, असे मी सांगितले. त्यावर तिने एक सुस्कारा सोडला. कालवणाला उपयोगी पडणाऱ्या इतक्या मुंड्या इतक्या लांब जाव्यात हे तिला पटलेले दिसले नाही. मग तिने विचारले की रात्री राखण कोण करते, कुत्री आणि मांजरे येत नाहीत का. मी जाळे दाखवले. तिने फोन पुन्हा वरच्या काठ्यांकडे न्यायला सांगितला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यातले बघ, एकमेकांना चिकटलेत. वारा लागत नाही तिथं. सांग त्यांना."

मी त्या कोपऱ्यात जाऊन पाहिले. दोन जोड्या खरेच चिकटलेल्या होत्या. जाळ्याखालून हात घालून मी त्या सोडवल्या, आणि पलीकडून मामी कुणाला तरी ओरडून सांगत होती की आभाळ भरून येतेय, टोपल्या आणा.